आमची वाटचाल : आधी तोल, मग पाऊल

पक्षाघात म्हणजे लकवा झालेल्यांना पुन्हा उठायला-चालायला शिकवणाऱ्या आमच्या नागपूरच्या केंद्राची सुरुवात घरभेटींपासून झाली. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून रुग्ण घरी जात आणि घरच्यांची खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होई. जीव वाचलेला, पण उठता-बसता येत नाही. आपल्या विदर्भात लकवा मारला की पहिली धाव मालिशवाल्याकडे. तेल चोळल्यावर हात थोडा वेळ सैल वाटतो. पण तो उचलायचा कसा, हे मेंदूलाच पुन्हा शिकावं लागतं. दिवाण, पाट, जिन्याचा कठडा, घरात जे असेल त्यावर आम्ही ते शिकवत गेलो.

भाड्याची जागा शोधताना माझी एकच अट होती, दारात पायरी नको. अशी जागा नागपुरात सहज मिळत नाही. शेवटी एका घरमालकांनी उतार बांधायला परवानगी दिली. फूटभर उंचीला बारा फूट लांबी लागते, त्यात पुढचं अंगण जवळपास सगळं गेलं. त्यांनी कुरकुर केली नाही, हे मी विसरणार नाही. व्हीलचेअर आत जाईल एवढं संडासाचं दार रुंद केलं. चालण्याच्या सरावाचे समांतर दांडे इथल्याच फॅब्रिकेशनवाल्याने बनवले. वर-खाली होणारा विजेचा पलंग मात्र कर्ज काढून घेतला आणि आजही आमची सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आहे.

येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "काकाजी चालतील ना जी?"

आम्ही आधी काकाजींना पलंगाच्या कडेला बसवून बघतो. बहुतेकांचा सगळा भार चांगल्या बाजूवर गेलेला असतो, लुळ्या बाजूची कंबर खचलेली असते. त्या बाजूला हातभर अंतरावर पाण्याचा पेला धरून घ्यायला सांगितलं, की धड किती साथ देतं ते लगेच कळतं. मग उठणं. तळवे गुडघ्यांच्या किंचित मागे, छाती पुढे झुकलेली, भार दोन्ही पायांवर, आणि मगच बूड उचलायचं. घरी नेमकं उलट होतं. कुणीतरी समोरून हात ओढतं, रुग्ण एका पायावर कसाबसा उभा राहतो आणि दुसरा पाय काम करायचं सोडून देतो.

असंच घाईने चालवलं तर माणूस चालतोही, पण कंबर उचलून, पाय अर्धगोलात फिरवत, गुडघा मागे ताणून आणि हात छातीशी आवळून. ही चाल दमवते, पाडते आणि एकदा अंगवळणी पडली की सुटता सुटत नाही. पक्षाघातानंतर पहिल्या चोवीस तासांत जास्त प्रमाणात उठवण्या-चालवण्याचे निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, 'अ‍ॅव्हर्ट' या चाचणीचे. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत त्या रुग्णांची सुधारणा कमीच भरली. म्हणजे पडून राहा असं नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडं थोडं, पण योग्य पद्धतीने.

बर्लिनहून लंडनला गेलेल्या फिजिओथेरपिस्ट बर्टा बोबाथ आणि त्यांचे डॉक्टर पती कारेल यांनी १९४०च्या दशकात लुळ्या बाजूलाच कामाला लावण्याचा विचार मांडला. हालचाल बारकाईने बघायची नजर आम्ही त्यांच्याकडून घेतली. मात्र ही पद्धत इतरांपेक्षा सरस असल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही; नेमक्या कामाचा भरपूर सराव हवा, हा ऑस्ट्रेलियातल्या कार आणि शेफर्ड या फिजिओथेरपिस्टांचा आग्रह आम्हाला पटतो. म्हणून एका पद्धतीची पाटी आम्ही लावलेली नाही.

परदेशी पुस्तकांतला बराचसा सराव खुर्चीभोवतीचा. आमच्या काटोलच्या काकूंना पंगतीत मांडी घालून बसायचं होतं, गोंदियाच्या दादांना गावच्या संडासात उकिडवं बसायचं होतं. त्यामुळे जमिनीवर बसणं आणि तिथून उठणं हा आमच्याकडे वेगळा पाठ झाला. आधी उंच पाट, मग ठेंगणा, मग सतरंजी. यात महिने जातात आणि जाऊ द्यावेत.

२०२०च्या टाळेबंदीत आम्ही व्हिडिओ कॉलवर शिकवलं. तोल शिकवायला हाताचा स्पर्श लागतो, तो फोनवरून देता येत नाही. पण घरच्यांना शिकवता येतं, हे तेव्हा पक्कं कळलं. तेव्हापासून प्रत्येक रुग्णासोबत घरातली एक व्यक्ती तयार करतो आणि तिच्याच मोबाइलवर सराव चित्रित करून देतो. छिंदवाडा, बालाघाटहून रोज येणं कुणालाच परवडत नाही. सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते.

आता लहान मुलंही येतात. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे आणि त्या आजारात कोवळ्या वयातही पक्षाघात होऊ शकतो. रक्ताचे उपचार दवाखान्यात चालूच ठेवायचे, आमचं काम त्यासोबतचं. या मुलांसाठी वेगळी खोली करायची आहे, जागेचं बोलणं चालू आहे.

पहिल्यांदा येताना डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्या आणाव्यात, रुग्णाला रोज उठवणारी व्यक्ती सोबत असावी. गाडीतून उतरवताना लुळा हात धरून ओढू नका. सैल पडलेला खांदा त्याने निखळतो. दारातून आवाज द्या, आमचं माणूस खाली येईल.