सेकंडहँड एक्सपल्सचा मागचा ब्रेक लागत नाही? पॅड घेण्याआधी पेडल दाबून बघा

हीरोची एक्सपल्स २०० ही मोटारसायकल वापरलेली घेतली की मागच्या ब्रेकची तक्रार ठरलेली असते. पेडल दाबलं जातं, चाक मात्र आपल्याच तंद्रीत फिरत राहतं. मग नवे पॅड बसतात, आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. माती खाल्लेल्या गाडीत पॅडचा नंबर बऱ्याचदा तिसरा लागतो. पहिले दोन म्हणजे जॅम झालेल्या स्लायडर पिन (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो) आणि कधीच न बदललेलं ब्रेक ऑइल. एक सोय अशी की या गाडीचं एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचं सगळं प्रकरण मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा), एक होज म्हणजे ऑइलची नळी आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा) एवढंच, म्हणजे घरच्या पार्किंगमध्ये उरकण्याजोगं.

पेडल हाताने दाबा, पायाने नको. हाताला जास्त कळतं. भराभर तीन-चारदा दाबल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरलं आणि अर्ध्या मिनिटात हळूहळू खाली बसलं, बाहेर कुठे गळती दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. किट आणावंच लागेल. दगडासारखं कडक आणि तरी पकड नाही, म्हणजे पॅडला तेल लागलंय किंवा त्यांना काच चढलीय, म्हणजे ते वरून काचेसारखे गुळगुळीत झालेत. चौथा प्रकार फसवा आहे: पेडल रबरासारखं, पण कितीही वेळा दाबलं तरी फरक शून्य. याला सगळे हवा समजतात आणि एअर काढत बसतात.

ते रबरासारखं लागणं पिनमुळे असतं. फ्लोटिंग कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि पिनवर सरकत कॅलिपर बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन गंजल्या की कॅलिपर सरकत नाही, पिस्टन डिस्कलाच वाकवतो आणि आपली अर्धी ताकद त्या वाकवण्यात जाते. पुरावा पॅडवरच सापडतो: पिस्टनच्या बाजूचा पॅड संपत आलेला आणि बाहेरचा जवळजवळ कोरा. पिन काढा, गंज बारीक पॉलिश पेपरने घासा, पण खड्डे पडले असतील तर पिन बदला. रबरी बूट फाटलेले असतील तर तेही घ्या, कारण चिखलाचं पाणी तिथूनच शिरतं. ग्रीस सिलिकॉनचं लावा, पातळ थर. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं की बूट फुगतात आणि महिन्याभरात पिन पुन्हा घट्ट.

कॅलिपर हातात आहेच तर पिस्टनकडे बघा. डिस्कवरून उतरवलेल्या कॅलिपरवर पेडल हळूच दाबून पिस्टन पाच-सहा मिलिमीटर बाहेर आणा, जास्त नको, नाहीतर तो थेट हातात येईल. बाहेर आलेल्या भागावर तपकिरी कडा दिसेल. ती लाल माती आणि पॅडची पूड यांची खपली असते. जुना टूथब्रश ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ती पूर्ण काढा आणि मगच पिस्टन आत ढकला. तशीच ढकलली तर सील ओरखडतं. हे भाग पेट्रोलने किंवा डिझेलने धुवायची सवय अनेक गॅरेजमध्ये आहे. ब्रेकच्या रबराला दोन्ही चालत नाहीत, ते फुगतं. पिस्टन आत ढकलताना ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल वर येतं आणि रंगावर सांडलं तर रंग सोलवटतो, म्हणून शेजारी पाण्याची बाटली ठेवा.

आता ऑइल. टाकीच्या झाकणावर जो डॉट आकडा, म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा, आहे तोच वापरा. डॉट ३ चा उकळबिंदू नव्यात किमान २०५ अंश आणि पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. घाटात पायाचा भार पेडलवर टेकवून उतरलं की खाली पोचेपर्यंत पेडल गायब होतं ते पाण्यामुळे उतरलेल्या याच उकळबिंदूमुळे, कारण उकळलेल्या ऑइलची वाफ दबते. कोकणातल्या पावसात चालणाऱ्या गाडीचं ऑइल वर्षाला बदलावं. उघडून ठेवलेली बाटली वापरू नका. लहान सीलबंद घ्या, मागच्या लाइनला १०० मिली पुरतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

एअर काढताना निपल, म्हणजे हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला हवा. तसा नसेल तर कॅलिपर सोडवा, पॅडच्या मध्ये डिस्कइतक्या जाडीची लाकडी पट्टी धरा आणि निपल वर करून काम करा. निपलला बहुधा ८चा रिंग पाना लागतो. त्यावर पारदर्शक नळी चढवा आणि दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. पेडल दाबा, निपल पाव फेरा उघडा, बंद करा, मगच पेडल सोडा. हा क्रम चुकला की जेवढी हवा काढली तेवढीच परत आत. टाकी मागच्या बाजूला छोटी असते, पाच-सहा दाबांत तळ दिसतो. नजर तिथेच ठेवा. होजवर पान्याच्या मुठीने टकटक केलं की चिकटलेले बुडबुडे सुटतात. तरीही हटेना तर उलटं करा: ५० मिलीच्या सिरिंजने निपलमधून ऑइल हळू वर ढकला. हवेला वरच जायचं असतं.

पॅड एक मिलिमीटरवर आले की बदला. नुसती काच चढली असेल तर सपाट काचेवर १२० नंबरचा पेपर ठेवून हलक्या हाताने घासा. चेन स्प्रेचं तेल मुरलं असेल तर घासण्यात वेळ घालवू नका, गरम झाल्यावर ते पुन्हा वर येतं. स्प्रे मारताना डिस्कवर फडकं टाका. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा आणि तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती बारीक झाली नाही ना ते मोजा. चिखलात सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेले) पॅड जास्त टिकतात, पण डिस्क लवकर खातात. नवे पॅड बसवल्यावर ४० वरून १० पर्यंत वेग दहा-बारा वेळा आणा. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका.

हीरो इम्पल्सवाल्यांना मागे ड्रम आहे, त्यामुळे वरचं बरंचसं लागू नाही. तिथे लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेक शू) काढा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि ते फाकवणारा कॅम काढून साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस अगदी नखभर लावा. ब्रेक पूर्ण लागल्यावर रॉड आणि लिव्हर यांच्यात साधारण काटकोन असावा. कोन त्याच्या पुढे गेला असेल तर लायनर संपलेत. लिव्हर एक दात मागे बसवून कोन जुळवणं म्हणजे नुसती लपवाछपवी.

पेडलची उंची बूट घालून, उभं राहून ठरवा. पण पुशरॉड (पेडलचा दाब पोचवणारी दांडी) आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमध्ये किंचित ढील राहिलीच पाहिजे. पेडल वर घेण्याच्या नादात ती संपली तर ऑइल टाकीत परतायचं छिद्र बंद राहतं, ब्रेक धरून बसतो आणि तापतो. खात्रीसाठी मागचा ब्रेक न वापरता दोन-तीन किलोमीटर चालवा आणि डिस्कवर पाण्याचे चार थेंब टाका. चर्र आवाज आला तर लॉकनट ढिला करा आणि पुशरॉड अर्धा फेरा मागे घ्या.