आधीचं पूज्य

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात माझी स्क्रिप्ट पाडव्याच्या सौद्यापासून चालू होती. जुना पीसी, त्यावर लिनक्स (मालक विंडोजच्या लायसन्सला पैसे घालणार नाहीत आणि चोरीचं मी टाकत नाही) आणि बॅशमधल्या (लिनक्सला हुकूम द्यायची भाषा) चाळीसेक ओळी. रवे (गुळाच्या ढेपा) किती, रवा किती किलोचा, क्विंटलला दर काय, एवढं विचारायचं. हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाचं बिल, छापायची.

ओळी थोड्या असल्या तरी जीव लावून लिहिल्या होत्या. बॅशला अपूर्णांक कळत नाही. ३० भागिले १०० विचारलं तर ते सरळ ० सांगतं. म्हणून गुणाकार सगळे आधी, भागाकार शेवटी. आकड्याऐवजी अक्षर आलं की परत विचारायचं, नुसतं एंटर दाबलं तरी परत विचारायचं. पहिला महिना दुकानातला पोरगा बसायचा, एकही तक्रार आली नाही. तो शिरोलीला एमआयडीसीत लागला आणि दिवाणजी खुर्चीत आले.

पंधरा दिवसांनी मालकांचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता या."

काउंटरला पन्हाळ्याकडचे एक काका पट्टी धरून उभे होते. पट्टीवर रवे ०६४, प्रत्येकी ३० किलो, दर ४,०००. खाली वजन १,५६० किलो. "चौसष्ट त्रिक एकशे ब्याण्णव," काका म्हणाले. "एकोणीस क्विंटल वीस किलो. माझं साडेतीन क्विंटल गेलं कुटं?" हिशेबात १४,४०० रुपयांचा फरक होता.

मी ६४ घालून बघितलं, १,९२० आलं. पुन्हा घातलं, पुन्हा १,९२०. मालकांनी लगेच निकाल दिला, "दिवाणजी, वय झालं तुमचं." सॉफ्टवेअर बिघडलं की वय नेहमी माणसाचंच होतं. दिवाणजी काही बोलले नाहीत. शेजारी बसून त्यांनी आकडा घातला, तेव्हा मला त्यांचं बोट दिसलं. आधी शून्य, मग सहा, मग चार.

"पूज्य कशाला?"

"मागनं कुणी पुढं एक वाढवू नये म्हणून. रव्याचा आकडा तीन घरांचाच लिहायचा. चाळीस वर्षं लिवतोय."

पोटात गोळा आला. आकड्याच्या सुरुवातीला शून्य दिसलं की बॅश तो आठच्या पायातला धरतं, सी भाषेपासून चालत आलेला नियम. ०६४ म्हणजे सहा आठे अठ्ठेचाळीस आणि चार, बावन्न. बावन्न त्रिक एकशे छप्पन्न. फायलींच्या परवानग्या ७५५ करताना हाच आठचा पाया मी रोज वापरतो. आणि माझ्या तपासणीतून शून्य निवांत आत आलं होतं, कारण शून्य हाही आकडाच. छापताना मात्र स्क्रिप्ट जसं घातलं तसं छापत होती, म्हणून पट्टीवर चौसष्टच दिसत होते.

खरं डोक्यातून जात नाही ते वेगळंच. आठवड्यापूर्वी दिवाणजींनीच फोन केला होता, "आठ-नऊ आलं की मशीन रागावतंय." आठच्या पायात ८ आणि ९ हे अंकच नसतात, म्हणून ०१८ घातलं की बॅश चूक दाखवून थांबतं. मी राजारामपुरीत दुसऱ्या गिऱ्हाइकाचा प्रिंटर उघडून बसलो होतो. म्हणालो, "मग तिथं शून्य नका लावू." त्यांनी अगदी तसंच केलं, फक्त तिथं. जिथं मशीन रागावत नव्हतं, तिथं पूज्य चालूच राहिलं.

दुरुस्ती तीन अक्षरांची: हिशेबात आकड्याच्या आधी १०#, म्हणजे दहाच्या पायातच धर. मग जुन्या पट्ट्या काढल्या. अकरा चुकीच्या निघाल्या, अकराही शेतकऱ्याला कमी देणाऱ्या. तसंच होणार होतं, आठच्या पायात धरलेला आकडा कधी वाढत नाही. पण हे काउंटरपलीकडच्या माणसाला कोण पटवणार? काकांना मी समजावून बघितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग एकदा तरी आमच्या बाजूनं का चुकलं न्हाई?"

मालकांनी पैसे दिले, कुरकुर करत का होईना. फरकाच्या अकरा पट्ट्या दिवाणजींनी मशीनवर काढल्या नाहीत, हातानं लिहिल्या. तीन घरं, आधी पूज्य.