शेजारच्या डेस्कवरच्या पोराला आज ऑफिसात घेरी आली

संध्याकाळचा कॉल चालू असतानाच त्यानं मान टाकली. वय अवघं 27. हात गार, कपाळावर घाम आणि दुपारचा डबा तसाच, न उघडलेला. जवळच्या दवाखान्यात बीपी निघालं 160/100. "झोप किती होते?" डॉक्टरांनी विचारलं. "सॉफ्टवेअरचं रिलीज आहे ना, चार-पाच तास." तेवढ्यात त्याच्या फोनवर ऑफिसमधून मेसेज आला, 'परत कधी जॉइन होतोयस?' तब्येतीची साधी चौकशीही नाही. माझं डोकंच फिरलं.

आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम केलं, तर 35-40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्येच सांगितलंय. तरी आपले मोठमोठे उद्योगपती 70 तास, 90 तास काम करा म्हणतात. (त्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जाणारे तास कुणी धरतच नाही.)

मुंबईच्या गिरणी कामगारांनाही रविवारची सुट्टी कुणी आपणहून दिली नव्हती. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे 1890 मध्ये ती मिळाली. आणि आपण तोच रविवार लॅपटॉप उघडून निमूटपणे परत देतोय. वाईट वाटतं.

उद्या मीटिंगमध्ये मी स्पष्ट बोलणार आहे. रात्री आठनंतर कॉल नकोत, रिलीजला माणसं वाढवून द्या, आणि त्या पोराची कामं पुढे ढकला, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारू नका. टीममधले आणखी काही जण सोबत उभे राहतो म्हणालेत.