आचारी का काढला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. बिल देताना, पार्सलची वाट बघताना, अगदी लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी गाठून विचारतं, "वहिनी, मामांना का काढलंत? रश्श्याला ती चव राहिली नाही." धंद्यातली माणसं तर आणखी पुढे जातात. "मोरीवरच्या पोरापायी असला आचारी कुणी घालवतं का?" गल्ल्यावर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, आणि अर्धवट दिलं की लोक आपापल्या मनाने ते पुरं करतात.

चव मामांचीच होती. खोबरं किती काळं होऊ द्यायचं हे त्यांना नुसत्या वासावर कळायचं. मसाला करताना ते दार लावून घेत, मलाही आत घेत नसत. आणि माणूस म्हणाल, तर मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा गावी न जाता ते इथेच थांबले. वरच्या खोलीत अडकलेल्या पोरांना त्यांनी दोन वेळचं करून घातलं. 5 ऑक्टोबरला निम्म्या टेबलांची परवानगी मिळाली, त्या दिवशी मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ताई, धंदा बसेपर्यंत मला अर्धाच पगार द्या." टिळक रस्त्याच्या मागच्या गल्लीतलं आमचं छोटं हॉटेल त्या वर्षी तगलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. हे मी विसरले असं ज्यांना वाटतं, त्यांनी कृपा करून तसं समजू नये.

आमच्यात एक न बोललेला करार होता: बाहेरचं मी बघायचं, आतलं त्यांनी. त्यांच्या शिव्या मला ऐकू यायच्या. पोरं महिन्या-दोन महिन्यांत उचल घेऊन पळायची, मी नवी शोधायची. तेव्हा मी स्वतःला सांगायची की भट्टीपाशी धाक लागतोच. चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत उभं राहून कुणी गोड बोलत नाही. त्या वेळच्या माझ्याशी मी आजही वाद घालते आणि दर वेळी जिंकतेच असं नाही. ती म्हणते, तू गल्ला सांभाळलास म्हणून सतरा घरांच्या चुली पेटल्या. तेही खरंच आहे.

आता तो रविवार. आखाडातला शेवटचा. पुण्यात मटणाचं हॉटेल चालवणाऱ्याला या दिवसाबद्दल काही सांगायला नको. पुढे श्रावण, मग गणपती उठेपर्यंत अर्धी टेबलं रिकामी. दुपारी दीडच्या सुमाराला रांग शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेली होती. दोन थाळ्या अडकल्या होत्या म्हणून मी आत गेले. मोरीवरचा पोरगा घासलेलं पातेलं घेऊन उभा होता. एकोणीस वर्षांचा, नांदेडकडचा; पहाटे पोलीस भरतीसाठी पळायला जायचा आणि मग कामावर यायचा. पातेलं यायला उशीर झाला होता. मामांनी उकळत्या रश्श्यातली पळी उचलली आणि तशीच, तर्रीसकट, त्याच्या हातावर मारली.

तो ओरडला नाही. पातेलं नीट खाली ठेवलं, मग हात धरला. ते पातेलं खाली ठेवणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. कुणीतरी टूथपेस्ट आणायला धावलं, भाकरीवाल्या मावशी हळद म्हणाल्या. मी त्याचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. तेल वाहून गेलं तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत कातडं लाल दिसलं, मध्ये फोड धरायला लागला होता.

"मामा, हे काय केलंत?"

"ताई, तुम्ही बाहेर बघा. आतलं मी बघतो."

आवाजात राग नव्हता. आमचा करारच त्यांनी मला ऐकवला.

मी गॅस बंद करायला सांगितला. कुणी हललं नाही. सगळे मामांकडे बघत होते, आणि माझ्या हॉटेलात माझं ऐकायचं की नाही हे कोण ठरवतं ते मला त्या क्षणी दिसलं. मग मीच हात घालून बर्नर बंद केले. बसलेल्यांना होतं ते वाढायला सांगितलं, रांगेतल्यांपुढे हात जोडले, शटर अर्ध्यावर ओढलं आणि पोराला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत तो म्हणाला, "ताई, मामांना काही बोलू नका. पातेलं मीच लवकर द्यायला पाहिजे होतं."

रात्री मामा वर बसले होते. मी काही बोलण्याआधीच त्यांनी बाही वर केली आणि कोपराजवळचा जुना डाग दाखवला. "माझ्या वस्तादानं मला असंच शिकवलं. मी कुठं मेलो?" मी म्हटलं, उद्या सकाळी सगळ्यांसमोर त्याला 'चुकलं माझं' म्हणा, आणि पुन्हा कुणाच्या अंगाला हात लावणार नाही असं मला सांगा. तुमची जागा तुमचीच आहे. ते माझ्याकडे बघतच राहिले. "मोरीवरच्या पोराची माफी मागू?"

सकाळी ते बॅग भरून खाली आले. महिन्याचा पूर्ण पगार दिला, उचलीचा हिशोब मिटवून टाकला. काहीजण मला समजावतात की तुम्ही काढलं नाही, ते आपणहून गेले. मला ती सवलत नको. ती अट त्यांना पेलणार नाही हे मला घालतानाच माहीत होतं.

धाक गेला की पोरं डोक्यावर बसतात, असं मला हॉटेलवाले सांगतात. साडेअकरा तास उभं असलेलं पोरगं धाकाने किती भरभर हलणार? सकाळी दहा ते चार, पुन्हा साडेसहा ते रात्री बारा, अशी ब्रेक शिफ्ट आपल्या धंद्यात सर्रास चालते. मधल्या वेळात झोपायला धड जागाही नसते. दुकाने आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा आठवड्याला 48 तास सांगतो, साप्ताहिक सुट्टी सांगतो, जादा तासांना दुप्पट पगार सांगतो. तो परवडत नाही, हे रडगाणं मीही गायलेलं आहे. पण मामा पहाटे पाचपासून भट्टीपाशी होते आणि त्या आठवड्यात त्यांनी सुट्टी घेतली नव्हती. पळी त्यांनी मारली. त्यांना इतकं ताणून उभं कुणी केलं होतं, हा प्रश्न मला कुणी विचारत नाही.

आता मसाला वजनावर होतो. दहा किलो मटणाला काय किती, ते वहीत लिहिलेलं आहे, आणि प्रत्येक पदार्थ किमान दोघांना येतो. चव एका माणसाच्या हातात राहिली की मालकाचं तोंड बंद होतं, एवढं मी शिकले. सुट्टीचा कागद भिंतीवर असतो आणि गर्दीच्या दिवशीही तो बदलत नाही. टीपचा डबा मोरीपर्यंत वाटला जातो. यावर वेटर नाराज आहेत, आणि त्यांचंही बरोबर आहे: क्यूआर कोड आल्यापासून बिल स्कॅन करून लोक उठतात, टेबलावर नोट राहत नाही, त्यात आणखी वाटेकरी. हा तिढा मला सुटलेला नाही. हल्ली पोरं जास्त टिकतात. खाडे मात्र कमी झालेले नाहीत. कामाचा वेग पूर्वीपेक्षा कमी आहे, आणि रविवारी तुम्हाला थांबावं लागतं.

आणि तो पोरगा? हात बरा झाला, डाग राहिला. पण आतल्या लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मामा गेले, गिऱ्हाईक घटलं, टीप घटली, आणि सगळ्याचं खापर त्याच्यावर. मी दोनदा सगळ्यांना बसवून बोलले. तोंडावर सगळे 'हो ताई' म्हणाले. थोड्याच दिवसांत त्याने डिलिव्हरीची बॅग घेतली. जाताना म्हणाला, "ताई, तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं." काय विचारायला हवं होतं ते त्याने सांगितलं नाही. मला वाटतं, मामा राहिले असते आणि तो गप्प राहिला असता, तर ते त्याला जास्त सोपं गेलं असतं. तरीही पळी मारणाऱ्याच्या शेजारी त्याला उभं करणं मला जमलं नसतं. त्याच्या दृष्टीने मी त्याचं भलं केलं की माझ्या मनाचं समाधान, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मागच्या दिवाळीआधी मामांचा फोन आला होता. परत येतो म्हणाले. मी म्हटलं, या, अट तीच आहे. "ताई, किचन असं चालत नसतं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

रस्सा पहिल्यासारखा नाही, हे मला मान्य आहे. मामा हल्ली सिंहगड रस्त्याला एका हॉटेलात आहेत. ज्यांना तीच चव हवी आहे त्यांनी गल्ल्यावर विचारा, पत्ता मी देईन. आजवर ज्यांनी मागितला त्यांना दिलाही आहे.