तुम्ही विचारलंत म्हणून: मनगटाला कोणता पट्टा घालू?

हाताने गालिचे विणणाऱ्यांचे हात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून तपासते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या पाठीच लागला आहे. विणकर विचारतात, त्यांच्या घरचे विचारतात, हल्ली मागाचे मालकही विचारतात: "मॅडम, चांगला पट्टा सांगा, सगळ्यांना एकदमच आणून देतो."

उत्तर छोटं आहे. मनगट सरळ ठेवणारा साधा पट्टा रात्री झोपताना घाला. मागावर बसताना काढून ठेवा.

यातलं दुसरं वाक्य कुणाला पटत नाही. दुखणं कामामुळे, आणि पट्टा मात्र झोपेत?

आधी काम बघू. एका गाठीला कष्ट असे काहीच नाहीत. दोन ताणे, म्हणजे मागावरचे उभे धागे, बोटांनी ओढायचे, लोकर त्यांच्याभोवती फिरवायची, खाली खेचायची, छुरीने कापायची. बरेच जण छुरी खाली ठेवतच नाहीत, ती मुठीत असतानाच पुढची गाठ पडते. म्हणजे बोटं नाजूक काम करत असतात तेव्हा मूठही आवळलेली असते. चौरस इंचाला 100 गाठी हे काही फार बारीक विणकाम नव्हे. तरी चार बाय सहा फुटांच्या गालिच्यात अशा 3,45,600 गाठी भरतात, आणि प्रत्येक गाठीला वरच्या चार हालचाली. ओझं उचलणारा माणूस दमला की थांबतो. गाठ मारणाऱ्याला दम लागत नाही, आणि मजुरी जर गाठींवर किंवा विणलेल्या मापावर असेल तर थांबणं परवडतही नाही.

अशा हातावर दिवसा कडक पट्टा चढवला तर काय होतं? मनगट वळत नाही, पण गाठ तर मारायचीच असते. मग वळण्याचं काम कोपर आणि खांदा करतात. पट्टा बांधून विणणाऱ्या माणसाला पाठीमागून बघा, खांदा कानाकडे चढलेला दिसतो. काही आठवड्यांनी तो खांद्याची तक्रार घेऊन येतो आणि त्यासाठी दुसरा पट्टा मागतो!

रात्रीची गोष्ट वेगळी. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं मिटणारे नऊ स्नायुबंध आणि एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. दिवसभराच्या घर्षणाने स्नायुबंधांची आवरणं सुजतात, तेवढी नसेची जागा कमी होते. झोपेत मनगट दुमडलं की दाब आणखी वाढतो. मध्यरात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. मनगट सरळ राहिलं तर हा दाब उतरतो, रात्रीच्या पट्ट्याचा उपयोग तेवढाच. मी प्रत्येकाला विचारते, करंगळीला मुंग्या येतात का? या नसेचा ताबा अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागावर असतो. करंगळीही बधिर होत असेल तर दुखण्याचं मूळ कोपरात किंवा मानेत शोधावं लागतं, आणि मनगटाच्या पट्ट्याचे पैसे वाया जातात.

पंजाचं, म्हणजे विणलेली ओळ ठोकून बसवायच्या फणीसारख्या अवजाराचं, दुखणं आणखी निराळं. ओळ पुरी झाली की बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून जड पंजाने ठोकायचं, त्याचा धक्का कोपराच्या बाहेरच्या बाजूला बसतो. कात्री फार चालवणाऱ्यांचं मनगट अंगठ्याच्या मुळाशी धरतं. हातांच्या तक्रारी अशा तीन-चार प्रकारच्या, आणि सगळे मागतात एकच पट्टा.

म्हणून मालकांना मी उलट विचारते, फळी वरखाली होते का? उभ्या मागावर गालिचा वाढतो तशी विणायची ओळ वर सरकते. बसायची फळी तिथेच राहिली तर हात उचलून विणावं लागतं. ओळ फार खाली असली तर मान वाकते. इराणमध्ये विणकरांच्या बैठकीवर संशोधन झालं आहे. तिथे विणायची ओळ कोपरापेक्षा साधारण 20 सेंटीमीटर वर आणि बैठक उंच, पुढे किंचित उतरती, अशी शिफारस निघाली. ओळ अगदी कोपराच्या उंचीला असावी असं आपल्याला वाटतं. पण नजर त्याच ओळीवर असते, त्यामुळे मान आणि खांदा या दोघांचं थोडं थोडं ऐकावं लागतं. शिवाय पंजाची मूठ हाताला भरेल एवढी जाड हवी, छुरीला धार हवी आणि उजेड भरपूर हवा. अंधुक उजेडात माणूस पुढे झुकतोच. तासातून दोन-तीनदा मिनिटभर हात मोकळे सोडले तर जेवणाच्या एका मोठ्या सुट्टीपेक्षा जास्त उपयोग होतो. पण त्या मिनिटांची मजुरी कुणी द्यायची, इथे बोलणं बहुतेक वेळा थांबतं. माझ्या मते ती विणकराच्या खिशातून जाऊ नये. एकगठ्ठा पट्टे घ्यायला तयार असणाऱ्या मालकाला मी हे स्पष्ट सांगते. काहींना राग येतो, काही जण फळी वरखाली करता यावी म्हणून खाचा पाडून घेतात.

आणि एक, पट्ट्याच्या भरवशावर राहू नये अशी वेळही असते. मुंग्या दिवसाही जात नसतील, छुरी हातातून निसटत असेल, किंवा अंगठ्याखालचा तळव्याचा उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसत असेल, तर डॉक्टरांकडून नसेची तपासणी करून घ्या. मधुमेह आणि थायरॉइडही तपासा, त्यांनीही हा त्रास वाढतो. शस्त्रक्रियेत बोगद्यावरचा शरीरातलाच घट्ट बंध कापून नसेला जागा करून देतात, पण वाळलेला स्नायू नंतर पूर्ण भरून येईलच असं नाही. दोन्ही तळवे शेजारी धरून बघायला मिनिटही लागत नाही.