कुर्डीचा मे महिना आणि माई

कुर्डीला जायचं तर मे महिन्यातच. गोव्याच्या सांगे तालुक्यातलं हे गाव बाकीचं वर्षभर साळावली धरणाच्या पोटात असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाडे नि वालकिणी या गावांत जाऊन वसलेले कुर्डीकर सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. ख्रिस्ती घरांचं चॅपेलचं फेस्त, म्हणजे वार्षिक सणही याच महिन्यात. कदंबकाळातलं महादेवाचं देऊळ मात्र इथे शोधू नये. ते एकेक दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारलंय.

पहिलं काम घर ओळखण्याचं. भिंती नाहीत, झाडांचे नुसते खुंट. देऊळ धरून विहिरी आणि जोती मोजत जायचं, नाहीतर हमखास शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहाल. त्यातलंच एक जोतं गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या, म्हणजे माईंच्या घराचं म्हणून दाखवतात. तिथे पावलं रेंगाळतात.

माई जन्मल्या १९०४ साली. आधी नाटक कंपनीत. मग सांगलीत जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांचा रियाझ ऐकला आणि तालीम सुरू झाली. खाँसाहेब मुंबईला गेले, तशा माईही मागोमाग गेल्या. मधली काही वर्षं आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या. खाँसाहेबांचा रीतसर गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा धागा, बांधला गेला तो १९३४मध्ये. पाच वर्षांनी पती गेले. तीन मुलांचा संसार मैफली आणि शिकवण्या यांवर ओढला, आणि त्यातच घरात मुलगी किशोरी (आमोणकर) गायिका म्हणून घडली. पद्मभूषण मिळालं ते १९७४ साली. तोवर शिष्यांची एक पिढी तयार झाली होती.

शिकवणं कडक. बंदिशीचे दोन भाग, स्थायी-अंतरा, दोनदा म्हणून दाखवायचे, तिसऱ्यांदा नाही, असं किशोरीताईच सांगत. वहीत उतरवायला सवड नसे, म्हणून कान आधी तयार व्हायचा. विलंबित, म्हणजे संथ तीनतालात नवख्याचं बिघडतं कुठे? तो बोटांवर सोळा मात्रा मोजतो. आवर्तन संपत आलं की धास्तीने मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, अर्धी मात्रा आधीच उचलतो आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, नुसता आदळतो. जयपूर घराण्याची लय मात्रांच्या मधल्या जागांत चालते. ती अंगात भिनायला आकारात, म्हणजे बोल न घेता नुसत्या ‘आ’वर, आवर्तनामागून आवर्तन भरावं लागतं. माईंचा लयीवरचा ताबा असाच कमावलेला होता. सावनी नट किंवा बसंती केदारसारख्या जोडरागात तर एका रागातून दुसऱ्यात शिरताना सांधा दिसला की गाणं फसलंच.

कुर्डीला कुणी तंबोरा नेणार असेल तर सावली आधी हेरावी. उघड्या माळावर तारा उतरतात, भोपळा तडकू शकतो. पिण्याचं पाणी घरून न्यावं; एवढ्या मोठ्या जलाशयाच्या तळात उभं राहून तहानेने जीव जातो, ही कुर्डीची जुनी थट्टा. भेगाळलेली माती वरून कोरडी, खाली ओली असते, तेव्हा गाडी मळलेली वाट सोडून घालू नये. वळवाचे ढग भरून आले की प्रसाद हातात घेऊन लगेच निघावं. एक सर आली तरी चाकं रुततात.