पूर बघायला जाणारी माणसं आम्ही

परवा रात्री इथं अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या नॉर्मनमध्ये, टॉर्नेडोचा (जमिनीला टेकणाऱ्या चक्री वावटळीचा) इशारा देत फोन कर्कश्श ओरडला आणि पोराला उचलून आम्ही दोघं खालच्या मजल्यावरच्या आजींकडे धावलो. त्यांचं बाथरूम घराच्या मधोमध, खिडकी नसलेलं. दारात सवयीनं बूट काढायला लागलो तर आजी ओरडल्या, "बूट राहू देत!" वादळानंतर काचा नि खिळे तुडवत बाहेर पडायची वेळ येते म्हणे. पोरगं टबात, डोक्यावर सायकलचं हेल्मेट, वरून गादी. आजींचं मांजर माझ्या मांडीवर.

तेवढ्यात कोल्हापुरातून पप्पांचा फोन. "अरे, गॅलरीतनं बघ की कुठवर आलंय!"

हसू नका. शुक्रवार पेठेतला माणूस दुसरं काय म्हणणार? मच्छिंद्री (शिवाजी पुलावरची पुराची जुनी खूण) झाली का, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर, हे बघूनच आम्ही फ्रीज कधी उचलायचा ते ठरवतो. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पाणी चढायला वेळ घेतं, म्हणून बघण्यात अर्थ असतो. उगाच शौक नव्हे तो. (बरं, थोडा आहेच. पूर बघायला घाटावर भेळ खात उभी राहणारी मंडळी आपलीच.)

टॉर्नेडोत मात्र दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी नशीब. त्यात रात्र आणि पाऊस असला की तो दिसतही नाही. माणसं जास्त करून उडून आलेल्या लाकडा-पत्र्यानं मरतात, म्हणून तुमच्या नि बाहेरच्या मध्ये जितक्या भिंती तितकं बरं. शेजारच्या मूर गावात २० मे २०१३ ला २४ माणसं गेली.

दर शनिवारी दुपारी बाराला इथं टॉर्नेडोच्या इशाऱ्याच्या भोंग्याची चाचणी होते. पोरगं नेमकं तेव्हाच झोपलेलं, मी वैतागायचो. आणि गंमत म्हणजे भोंगा असतो बाहेर असलेल्यांसाठी. घरात तो ऐकू येईलच असं नाही, फोनच उशाशी हवा.

पण एक सांगतो. अख्ख्या अमेरिकेचे टॉर्नेडोचे अंदाज जिथून निघतात, ते केंद्र आमच्या याच नॉर्मनमध्ये. तरी त्या रात्री समोरचे दोन गोरे बाप्ये अंगणात उभे राहून आभाळाचा व्हिडिओ काढत होते! आजींनी त्यांना दारातनंच झापलं.

पप्पांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग? काय दिसलं त्यांना?"